शिकागोची बाई आणि पनामाचा कालवा

१९७६ साली रोनाल्ड रेगन रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी अमेरिकेत गावोगाव फिरत होते. समोर होते त्यांच्याच पक्षाचे, पदावर बसलेले अध्यक्ष जेराल्ड फोर्ड. रेगन यांच्या भाषणांत दोन गोष्टी वारंवार यायच्या. एक शिकागोमधल्या एका बाईची आणि दुसरी पनामाच्या कालव्याची. एक सरकारी मदतीतल्या लबाडीची, दुसरी दूरच्या देशातल्या जमिनीवरच्या हक्काची. वरवर पाहता दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला आज बोलायचं आहे ते या न दिसणाऱ्या संबंधाविषयी.

आधी बाईची गोष्ट. रेगन सांगत, की या बाईची ८० नावं, ३० पत्ते आणि १२ सोशल सिक्युरिटी कार्डं आहेत. कधी नव्हतेच अशा चार माजी सैनिकांची विधवा म्हणून ती सरकारकडून पैसे उचलते आणि करमुक्त कमाई करते दीड लाख डॉलरची. ते तिचं नाव घेत नसत. त्यामुळे त्यांचे टीकाकार पुढे कित्येक वर्षं ती मनगढंतच आहे असं समजत राहिले. पण बाई खरी होती. लिंडा टेलर हे तिच्या अनेक नावांपैकी एक. १९७४ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने तिच्यावर बातम्या छापल्या आणि ‘वेल्फेअर क्वीन’, म्हणजे सरकारी मदतीवर राणीसारखी राहणारी बाई, हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

ती लबाडी करत होती, यात शंका नाही. मात्र १९७७ मध्ये कोर्टात सिद्ध झालं ते एवढंच, की दोन नावांनी तिनं आठ-नऊ हजार डॉलरचे धनादेश उचलले आणि शपथेवर खोटं सांगितलं. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. जॉश लेव्हिन या पत्रकारानं २०१९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं, की तिच्याभोवती मूल पळवण्यासारख्या कितीतरी गंभीर गुन्ह्यांचे संशय होते. ते कधी कोर्टात सिद्ध झाले नाहीत. तिच्या धनादेशांची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या संशयांची कोणी केली नाही.

ज्या योजनेवर ही बाई बोट दाखवण्यापुरती उभी केली गेली, ती १९३५ पासूनची. घरात कमावता बाप नसलेल्या मुलांसाठीची. सत्तरच्या दशकात तिचा लाभ एक कोटीहून अधिक लोक घेत होते आणि त्यांत बहुसंख्य मुलं होती. रेगन वंशाचा उल्लेख करत नसत, पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कृष्णवर्णीय बाईच येई. एका बाईचा चेहरा कोटभर लोकांना चिकटला.

आता कालवा. १९७६ च्या मार्चमध्ये रेगन पार अडचणीत होते. न्यू हॅम्पशायर, फ्लॉरिडा, इलिनॉय अशा लढती हरले होते, प्रचाराचा पैसा संपत आला होता. त्याच सुमारास फोर्ड सरकार कालवा पनामाला परत देण्याबाबत वाटाघाटी करत होतं. रेगन यांनी हाच मुद्दा धरला. आपण तो घेतला, आपण पैसे मोजले, आपण बांधला, तेव्हा तो आपणच ठेवणार, अशा अर्थाचं ते बोलत आणि सभा उठून उभी राही. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलायना त्यांनी जिंकलं. पुढे टेक्सासही. उमेदवारी थोडक्यात हुकली, पण १९८० चा विजय याच पायावर उभा राहिला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पैसे भरणारा एक सरळमार्गी माणूस आहे, म्हणजे श्रोता. त्यानं भरलेलं दुसरंच कोणीतरी घेऊन जातं आहे. आणि वॉशिंग्टनमधलं सरकार इतकं मऊ आहे, की ते हात जोडून देतं आहे. आत लबाड बाई, बाहेर छोटासा पनामा. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडलं होतं. हेलिकॉप्टरमधून निसटणारे लोक अमेरिकेनं टीव्हीवर पाहिले होते. त्या जखमेवर ही दोन्ही वाक्यं मलमासारखी बसली. हा माणूस मूर्ख होता असं मी म्हणणार नाही. कर भरणाऱ्याचा राग खराच असतो. प्रश्न असतो तो राग कुठं वळवला जातो हा.

कालवा ‘घेतला’ कसा, हेही सांगायला हवं. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी युद्धनौकांच्या छायेत पनामा कोलंबियापासून फुटला. दोन आठवड्यांतच करार झाला. दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा, बदल्यात एक कोटी डॉलर आणि दरवर्षी अडीच लाख. पनामाच्या वतीनं सही केली ती एका फ्रेंच इंजिनिअरनं. पनामाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचण्याआधीच! कालवा १९१४ मध्ये सुरू झाला. १९६४ च्या जानेवारीत त्या पट्ट्यात पनामाचा झेंडा लावण्यावरून दंगल उसळली आणि वीसहून अधिक पनामावासी मेले. कॅलिफोर्नियाचे हायाकावा हे भाषाशास्त्रज्ञ सिनेटसाठी उभे होते. ते गमतीनं म्हणाले, की कालवा आपण अगदी रीतसर चोरला आहे, तो ठेवावा. सगळ्या वादात एवढं प्रामाणिक विधान मला दुसरं आढळलं नाही. (निवडून आल्यावर याच गृहस्थांनी कालवा देण्याच्या बाजूनं मत दिलं.)

उजवे सगळे एका सुरात होते असंही नाही. विल्यम बकली हे त्यांचे मोठे विचारवंत, त्यांनी १९७८ मध्ये टीव्हीवर रेगन यांच्याशी या प्रश्नावर वाद घातला. पडद्यावरचा रांगडा काउबॉय जॉन वेन हाही कराराच्या बाजूचा. सिनेटमध्ये करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाला, लागत होती ६७. आणि रेगन अध्यक्ष झाल्यावर? त्यांनी कराराला हात लावला नाही. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या ताब्यात गेला, अमेरिकी जहाजं जात राहिली आणि २०१६ मध्ये पनामानं तो मोठ्या जहाजांसाठी वाढवलाही.

मुलांच्या योजनेचं तसं झालं नाही. १९९६ मध्ये डेमोक्रॅट असलेल्या क्लिंटन यांच्याच सहीनं ती बंद झाली. तिच्या जागी आलेल्या मदतीला केंद्राच्या पैशापुरती आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली गेली, आणि राज्यांना द्यायची रक्कम वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर ठरली. महागाई वाढली, तो आकडा तिथंच राहिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीची किंमत अशी मोजली गेली.

४ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प काँग्रेसपुढे बोलत होते, तेव्हा मला १९७६ आठवलं. एकाच भाषणात त्यांनी सोशल सिक्युरिटीच्या नोंदींतल्या शंभर, दीडशे वर्षं वयाच्या लाखो लोकांची यादी वाचली, पनामाचा कालवा परत घेऊ म्हणाले आणि ग्रीनलँड या ना त्या मार्गानं मिळवू असंही.

त्या दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्यांचं काय? सोशल सिक्युरिटीच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्येच हे तपासलं होतं. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांच्या नोंदीत मृत्यूची तारीख नव्हती. पण त्यांतल्या जवळजवळ कोणालाच पैसे जात नव्हते. वहीत नाव आहे म्हणजे पाकीट पोचतंय असं नव्हे. आपल्या रेशन कार्डावर आजोबांचं नाव राहून जातं, तसं ते.

सोशल सिक्युरिटीत खरंच भरून न मिळणारे लोक आहेत, ते या भाषणांत नसतात. पुण्या-ठाण्याहून तिकडे कामाला गेलेल्या आपल्या मुलांच्या पगारातून ६.२ टक्के त्यासाठी कापले जातात. किमान दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क नाही. भारताशी त्याबाबत करार नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षांत परतलेल्याचा पैसा तिकडेच राहतो.

आणि मोठ्या चोऱ्या? त्याही होतात. कोविडच्या काळात मिनेसोटात गरीब मुलांच्या जेवणासाठी आलेल्या पैशातून सुमारे २५ कोटी डॉलर लाटले गेले, असा गुन्हा २०२२ मध्ये ४७ जणांवर दाखल झाला. पुढे आरोपी वाढले, अनेकांना शिक्षाही झाल्या. न वाढलेल्या लाखो ताटांची बिलं तिथं लावली गेली होती. पैसा खाल्ला तो ताट पुढे करणाऱ्यांनी नव्हे, तर ताटं वाढायचा ठेका घेणाऱ्यांनी. असा घोळ भाषणांतून सापडत नाही. बिलं, हजेरी आणि बँकखाती जुळवत बसणारी माणसं लागतात. अमेरिकेच्या खात्याखात्यांत हे काम महानिरीक्षकांचं. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री त्यांतल्या सतराच्या आसपास जणांना एका फटक्यात काढून टाकलं गेलं.