पेढीवरचा संवाद घरातही यावा

व्यापारी घरातील मुलगा व्यापार शिकतो, तो कोणत्याही एका दिवशी नव्हे. शाळा सुटल्यावर तो पेढीवर येतो, काकांच्या शेजारी बसतो, मालाची पारख कशी करतात ते पाहतो, उधारी मागण्याची रीत ऐकतो. रात्री दुकान वाढवून वडील घरी आले की एखाद्या गिऱ्हाइकाला उधार का नाकारले, हे तो विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. विशी ओलांडेपर्यंत घराची पत, देणीघेणी आणि गुपिते त्याच्या हाती सोपवण्याइतका विश्वास निर्माण झालेला असतो. हे सारे शिक्षण रोजच्या बोलण्यातून, हप्त्याहप्त्याने झालेले असते.

त्याच घरात, त्याच वर्षांत, त्या मुलाचे आणि त्याच्या बहिणीचे शरीर बदलत असते. त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ‘वय झाले की सगळे आपोआप समजते’ या एका वाक्यावर हा विषय मिटवला जातो. व्यापाराची समज आपोआप येत नाही, हे ज्यांना पुरते ठाऊक आहे, त्यांनी शरीराच्या बाबतीत असे म्हणावे, ही आश्चर्याची गोष्ट होय.

वैद्यकीय दृष्ट्या मुलींमध्ये वयात येण्याची चिन्हे साधारणतः ८ ते १३ या वयात, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वयात दिसू लागतात. म्हणजे पालक ज्या वयाला ‘अजून लहान आहे’ म्हणतात, त्याच वयात प्रश्न सुरू झालेले असतात. पहिल्या पाळीपूर्वी काहीच न सांगितलेल्या मुलीला आपल्याला मोठा आजार झाला असे वाटते. मुलाची अवस्था याहून एकाकी असते. झोपेत वीर्यस्खलन होणे ही या वयातील स्वाभाविक शरीरक्रिया आहे. परंतु आपल्या भाषेत तिचे नावच ‘स्वप्नदोष’ असे पडले आहे. नावातच दोष असल्यामुळे मुलगा स्वतःला दोषी मानतो, अशक्तपणाच्या भीतीने झुरतो आणि भिंतीवरच्या जाहिरातीतील ‘गुप्तरोगतज्ज्ञां’ना फसतो. घरातील एक वाक्य ही भीती घालवू शकले असते.

घर बोलत नाही, तेव्हा मोबाइल बोलतो. तेथे मिळते ती माहिती नसते. ते विकायला ठेवलेले दृश्य असते आणि त्यात स्त्रीचा सन्मान, संमती वा जबाबदारी यांना स्थान नसते. त्यातून फसवणुकीचा नवा धंदाही उभा राहिला आहे. अनोळखी व्यक्ती मैत्री करते, व्हिडिओ कॉलवर मुलाला मोहात पाडून चित्रण करते आणि मग पैसे मागते. बदनामीच्या धाकाने मुलगा आधी खाऊचे पैसे देतो, मग गल्ल्याला हात घालतो, आणि काही मुले तर जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत जातात. अशा वेळी पैसे न देता सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करणे हा मार्ग आहे. परंतु हा मार्ग वडिलांना ठाऊक असून उपयोग नाही; संकटाची पहिली बातमी वडिलांना सांगण्याचे धैर्य मुलाला असले पाहिजे. ते धैर्य त्या रात्री अचानक येत नाही. त्याआधीच्या पाच-सात वर्षांत वडील कसे बोलले, यावर ते अवलंबून असते.

असे बोलणे धर्माला सोडून होईल का, ही शंका अनेक घरांत असते. ती प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले पाहिजे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत ब्रह्मचर्याणुव्रत आहे आणि ‘स्वदारसंतोष’ या शब्दांत गृहस्थासाठी त्याची मर्यादा सांगितली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना अनंगक्रीडा आणि कामाची तीव्र आसक्ती यांचा स्पष्ट उल्लेख येतो. आचार्यांना हा विषय उच्चारण्यासही अयोग्य वाटला असता, तर त्यांनी तो सूत्रबद्ध केला नसता. संयम हा अज्ञानातून येत नाही. ज्याचे स्वरूपच ठाऊक नाही, त्याच्यावर संयम कसा ठेवणार? समज देणे हे व्रताच्या विरोधात नसून व्रताची पूर्वतयारी आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. त्यांची सर्वच मते श्रावकाला पटणारी नाहीत. परंतु शरीराविषयी शास्त्रशुद्ध बोलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आज कोणी खोडून काढू शकणार नाही. पुढे २००७ मध्ये केंद्राचा किशोरशिक्षण कार्यक्रम शाळांतून येऊ लागला, तेव्हा महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो रोखला. ‘हे शाळेचे काम नव्हे’ असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. ते मान्य केले, तर हे काम घराचे ठरते, आणि मग घराने ते करायला हवे. अशा शिक्षणाने मुले बिघडतात, ही भीतीही तपासली गेली आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिकता शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग बोलावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे थोडे आणि वेळेवर. चार-पाच वर्षांच्या बालकाला अवयवांची सरळ नावे आणि ‘तुझ्या शरीराला तुझ्या मनाविरुद्ध कोणी हात लावायचा नाही’ एवढे पुरे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाळीची कल्पना आईने आधीच द्यावी. नव्या पॅडची पिशवी तिच्या कपाटात ठेवून द्यावी. पाळीच्या दिवसांत मंदिर, पूजा व स्वयंपाक यांविषयी घरोघर निरनिराळी रीत पाळली जाते. घरची रीत कोणतीही असो, मुलीला आधी शरीराची क्रिया समजावी आणि मग रीत सांगावी. क्रम उलटला, तर ती स्वतःलाच अशुद्ध मानू लागते. भावालाही हे ठाऊक असावे. पॅड कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून चोरीच्या मालासारखे घरात आणण्याची गरज उरू नये. मुलाशी वडिलांनी बोलावे. ते अवघड वाटले तर विश्वासू काका वा कुटुंबाचे डॉक्टर यांची मदत घ्यावी. समोरासमोर बसून बोलणे जड जाते. गाडीतून माल आणायला जाताना तेच बोलणे सोपे होते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर ‘विचारून उद्या सांगतो’ म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकलेले पोटात ठेवणे. आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत ‘अपरिस्रावी’ हा एक गुण सांगितला आहे. शिष्याने सांगितलेला दोष जो बाहेर झिरपू देत नाही, तो अपरिस्रावी. एकत्र कुटुंबात नेमके येथेच चुकते. मुलीने सकाळी आईला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी काकू, आजी आणि आत्या यांच्या तोंडी असते. ज्या मुलीला हा अनुभव एकदा येतो, ती पुन्हा तोंड उघडत नाही.

तोंड न उघडण्याची किंमत मोठी असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. म्हणून नातेवाईक, शिकवणीचे सर, दुकानातील जुना माणूस यांपैकी कोणाविषयीही मूल कुरबुर करू लागले, तर ‘ते तसे नाहीत’ असे म्हणण्यापूर्वी ऐकून घ्यावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि असा गुन्हा ठाऊक असून तो न कळवणे हाही गुन्हा आहे. अब्रूसाठी प्रकरण दाबणारा वडीलधारा कायद्याने स्वतःच दोषी ठरतो. उलट तक्रार केल्यास मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. याच कायद्याची दुसरी बाजू तरुण मुलग्यांनाही सांगायला हवी: १८ वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानत नाही.

संवत्सरीला आपल्या घरांत आजोबा नातवापुढे हात जोडतात आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. वयाने मोठा असलेला माणूसही लहानापुढे नम्र होऊ शकतो, हे या समाजातील मूल दरवर्षी डोळ्यांनी पाहते. ज्या घरात एवढी नम्रता आहे, तेथे दहा वर्षांच्या मुलाचा एक सरळ प्रश्न ऐकून घेणे अवघड जाऊ नये. पुढचा प्रश्न येईल, तेव्हा त्याला ‘हे तुला कोणी शिकवले?’ असे विचारू नये. ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे, शांतपणे ऐकावे आणि खरे तेच सांगावे.