पडलेला बर्फ आणि साचलेला बर्फ

जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची छायाचित्रे देशभर पाहिली गेली, ती तिथे बर्फच नव्हता म्हणून. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलां' म्हणून ओळखले जातात. हा ऐन थंडीचा काळ. त्या वर्षी त्यातले बहुतेक दिवस कोरडे गेले आणि स्कीइंगच्या उतारांवर वाळलेले गवत दिसत राहिले. महिनाअखेरीस हवा पालटली, फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला. आणि २२ फेब्रुवारीला तिथेच हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच गाडले गेले होते. दोन्ही दुर्घटना मोठी बर्फवृष्टी होऊन गेल्यावरच्या.

स्कीइंगसाठी जाणारा माणूस अंदाजात एकच गोष्ट शोधतो : किती सेंटिमीटर बर्फ पडणार? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. उतारावर सुख मिळणार की संकट येणार, हे बर्फ कोणत्या उंचीवर, कसा आणि कशावर साचतो यावर ठरते.

कोणत्या उंचीचा अंदाज?

काश्मिरातील हिवाळी बर्फ प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारे हे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात आणि हिमालयाला धडकतात. असा विक्षोभ येतो आहे हे काही दिवस आधी बऱ्यापैकी कळते. मात्र नेमक्या कोणत्या उतारावर किती बर्फ पडेल, हे सांगणे फार अवघड असते. संगणकीय प्रारूप जमिनीचे चौकोन पाडून गणित करते. भारतीय हवामान विभागाने मे २०२५मध्ये सुरू केलेल्या नव्या प्रणालीत हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, पूर्वी तो १२ किलोमीटरचा होता. गुलमर्गच्या गोंडोलाचे दोन्ही टप्पे मिळून लांबी सुमारे ५ किलोमीटर भरते. म्हणजे खालचे पठार आणि वरचा कडा एकाच चौकोनात बसू शकतात.

प्रत्यक्षात त्या दोहोंत मोठा फरक आहे. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर, तर गोंडोलाचे सर्वांत वरचे स्थानक जवळपास ३,९५० मीटरवर आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे खाली २ अंश असेल, तर वर उणे ६ ते ७ अंश असू शकते. खाली भिजवणारा पाऊस आणि वर कोरडा बर्फ, हे एकाच वेळी घडते. म्हणून आकड्याआधी पाहायची ती शून्य अंशाची उंची. ती पठाराच्या बरीच वर असेल, तर ३० सेंटिमीटरचा अंदाज पठारावर चिखल होऊन उतरेल.

किती पाणी, किती हवा?

बर्फ म्हणजे थोडे पाणी आणि पुष्कळ हवा. ढोबळ हिशेबाने १० मिलिमीटर पाण्याचा १० सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. थंडी कडक असेल तर तेवढ्याच पाण्याचा १५ ते २० सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ होतो, हीच स्कीपटूंची आवडती 'पावडर'. तापमान शून्याच्या आसपास असेल तर जेमतेम ५ सेंटिमीटर, तोही जड आणि ओला. एकदोन अंशांनी अंदाज चुकला, तरी सेंटिमीटरचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

पुढचा भाग वाऱ्याचा. वारा एका बाजूचा बर्फ उडवून कड्याच्या आडोशाच्या बाजूला रचतो. त्यामुळे मोजणीच्या जागी ३० सेंटिमीटर बर्फ असताना आडोशाला मीटरभर थर असू शकतो. हा थर घट्ट पाटीसारखा होतो आणि धोका तिथेच दडलेला असतो.

खाली काय आहे?

जमिनीवर बर्फाचा पातळ थर असताना बरेच दिवस आभाळ निरभ्र आणि रात्री कडाक्याच्या राहिल्या, तर त्या थराचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर मोठी बर्फवृष्टी झाली की वरची जड पाटी या सुट्या कणांवर नुसती टेकलेली असते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाच्या वजनानेही ती सुटू शकते. हिमस्खलनात सापडलेल्या स्कीपटूंच्या बहुतेक घटनांत ती पाटी त्यांनी स्वतः किंवा सोबत्यांनीच सोडवलेली असते. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. बचावपथक तेवढ्या वेळात पोहोचणे दुर्मीळच.

म्हणून बर्फाच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाचा इशाराही वाचायला हवा. भारतात हे काम डीआरडीओची चंडीगडमधील संस्था करते. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी पातळी मधली दिसते, पण 'मध्यम, म्हणजे चालेल' असा तिचा अर्थ नव्हे. युरोपात बरेच बळी याच पातळीच्या दिवशी जातात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक वर जातच नाहीत.

वादळ सरून ऊन पडले की मोह सर्वांत जास्त असतो. पण नवा बर्फ अजून खालच्या थराला धरलेला नसतो. अशा दिवशी वरचा टप्पा बंद ठेवला गेला, तर तो निर्णय खालून दिसणाऱ्या निळ्या आभाळावरून जोखू नये. सुरक्षापथक जिथे गस्त घालते ते उतार आणि त्यापलीकडचा मोकळा डोंगर यांत फरक आहे. पलीकडे जायचे तर स्थानिक वाटाड्या, शोधयंत्र, फावडे आणि ती वापरण्याचा सराव हवाच.

नुसते गोंडोलाने वर जाऊन येणाऱ्यांनीही शरीराचा विचार करावा. ३,९५० मीटरवर दर श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६० टक्केच प्राणवायू मिळतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, त्यामुळे गडद चष्म्याविना डोळे भाजल्यासारखे दुखू लागतात. डोके दुखणे, मळमळणे किंवा तोल जाणे सुरू झाले, तर विश्रांतीची वाट न पाहता खाली उतरावे.

निघण्याच्या सकाळी प्रश्न चार : शून्य अंशाची उंची किती, वारा कुठून आणि किती, गेल्या तीन दिवसांत काय पडले, आणि इशारा कोणत्या पातळीचा. 'आज किती पडणार' हा प्रश्न त्यानंतरचा.