रंग उडाल्यावर उरते ती रेघ

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात समुद्र येतो तो वाळून. गोणपाटावर बोंबील, सुकट, वाकटी, मधून चिरलेला सुका बांगडा. सगळ्यांचा रंग एकच, पिवळसर करडा. आमच्या डोंगरात लहानपणी मासा म्हणजे एक तर ओढ्यातला बोटभर, नाही तर हा. तरीही समुद्राशी आमचं पाण्याचं नातं आहे. याच तालुक्यात कोटंबीजवळ अंबिका उगम पावते आणि 136 किलोमीटर वाहत गुजरातेत बिलीमोऱ्यापलीकडे अरबी समुद्राला मिळते. नार-पारचं पाणीही तिकडेच उतरतं. आमच्या कौलांवरून गळलेलं पाणी ज्या समुद्रात जातं, तिथले मासे जिवंत असताना कसे दिसतात, या एका कुतूहलापोटी मी कयाकमध्ये बसायला शिकलो.

कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी. बसल्या जागी हात पाण्याला लागतो आणि गळाला लागलेला मासा थेट मांडीवर येतो. होडी डुलते, मासा तडफडतो, दात करवतीसारखे. त्याला परत सोडायचा असेल तर हातात जेमतेम मिनिटभर असतं. आणि ओळखावं तर लागतंच. लहान मासळी वाचावी म्हणून महाराष्ट्रानं 2023 साली 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. ती जातीगणिक वेगळी आहे, म्हणजे आधी जात कळायला हवी, मग पट्टी काढायची.

सुरमईच घ्या. आपण ताटात जिला सुरमई म्हणतो, मालवणाकडे इसवण आणि गोव्यात विसवण, त्या नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती येतात. तिघी निमुळत्या, चंदेरी, शेपटीकडे छोट्या परांची रांग असलेल्या. मोठीच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे, वाढलेल्या माशात 40 ते 50. दुसरीच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या ओळी. तिसरीवर आडव्या, तुटक रेघोट्या. ऐकायला किती सोपं! पण मोठ्या सुरमईचं पिल्लू हाती आलं की पंचाईत होते. हातभर लांबीपर्यंत त्याच्या अंगावर विसाच्या आतच पट्टे असतात. शिवाय मासा मेला की खुणा पुसट होत जातात, बर्फात पडला की आणखी. पाण्यातून नुकत्याच आलेल्या सुरमईच्या पाठीवरची निळी-हिरवी झाक पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कळलं, बाजारात आपण विकत घेतो ती त्या रंगाची आठवण.

मग भरवसा कशावर ठेवायचा? अंगावरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या एका बारीक रेघेवर. तिला पार्श्वरेषा म्हणतात. मोठ्या सुरमईत ही रेघ बराच वेळ सरळ जाते आणि पाठीवरच्या दुसऱ्या परामागे एकदम खाली कोसळते, घाटातल्या वळणासारखी. ठिपक्यांच्या आणि रेघोट्यांच्या सुरमईत ती सावकाश उतरते. ठिपक्यांवालीत तर पुढच्या भागात तिला केसासारखे बारीक फाटेही फुटतात. पट्टे मोजत बसू नका, मासा थोडा तिरपा धरा आणि ऊन त्या रेघेवर पडू द्या. रंग गेला तरी रेघ जात नाही.

आणि ही रेघ नुसती खूण नव्हे. तो माशाचा एक पुरता अवयव आहे. तिच्या छिद्रांच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात आणि पाण्याची हालचाल त्यांना जाणवते, शेजारून गेलेल्या भक्ष्याची, मागून येणाऱ्या शत्रूची. तशाच पेशी तुमच्या-माझ्या आतल्या कानात आहेत. ज्या खुणेनं आपण माशाला ओळखतो, तिच्याच आधारानं तो आपल्या कयाकची चाहूल घेत असतो.

हलवा आणि पापलेट हे सुरमईच्या उलट, नातं नसून सारख्या दिसणाऱ्यांचं उदाहरण. दोघे पसरट, ताटासारखे. हलव्याला काळं पापलेट म्हणायचीही पद्धत आहे. पण हलवा पापलेटाच्या कुळातला नाहीच. शेपटीच्या देठाजवळ बोट फिरवा: हलव्याला तिथं खडबडीत, कठीण खवल्यांची धार लागते, पापलेटाचं अंग गुळगुळीत. पोटाखालचे पर मोठेपणी दोघांनाही नसतात. लहान हलव्याला मात्र ते असतात आणि मासा साधारण 10 सेंटिमीटरचा होईतो नाहीसे होतात! दोन वेगळ्या कुळांतले मासे एकाच आकाराला येऊन पोचले आणि त्यातल्या एकाच्या बालपणात जुन्या घराची खूण शिल्लक राहिली.

माझा जीव मात्र सर्वांत जास्त गुंततो तो घोळ, कोथ आणि ढोम्यांच्या कुळात. 2023 सालीच महाराष्ट्रानं पापलेटाला आणि गुजरातनं घोळीला राज्यमासा केलं; सुरगाणा दोन्ही राज्यांच्या शिवेवर, तेव्हा आमच्या वाट्याला दोन्ही. हे कूळ ओळखायला सोपं आहे: यांची पार्श्वरेषा शेपटीच्या देठाशी थांबत नाही, शेपटीच्या परावरून थेट टोकापर्यंत जाते. पण कुळाच्या आतली जात ओळखणं महाकठीण. घोळीच्या पाठीवरचे काळे ठिपके वयाबरोबर फिकट होतात. शेवटी शास्त्रज्ञांना पोटात शिरावं लागलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एथेलविन ट्रेवावास यांनी 1977 साली हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरांतल्या या कुळावर ग्रंथ लिहिला, त्यात बाह्य रूपाबरोबर दोन आतल्या खुणांना फार महत्त्व आहे: माशाच्या पोटातली हवेची पिशवी आणि कानातला खडा.

ही पिशवी म्हणजे कोळ्यांचं बोत. घोळीला सोन्याचा भाव येतो तो तिच्यामुळे. घोळीची पिशवी गाजरासारखी, दोन्ही कडांना झाडासारख्या फांद्या फुटलेली. कोथीला फांद्यांची फक्त एक जोडी. प्रत्येक जातीचं पोटातलं झाड वेगळं! कानातला खडा पांढरा, या कुळात चांगला मोठा. तो कापला तर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात आणि माशाचं वय सांगतात.

कयाकवर पोट फाडून कोण बघणार? मी फाडत नाही. घोळीसारखा दिसणारा मासा आला की शेपटीवरची रेघ बघतो, हनुवटीखाली मिशी नाही ना ते बघतो, ठिपके बघतो, आणि तरी शंका उरली तर वहीत फक्त कूळ लिहितो. चुकीच्या नावापेक्षा अर्धं नाव मला बरं वाटतं.

पण त्या पिशवीची ओळख दुसऱ्या वाटेनं पटते. तिच्या दोन्ही बाजूंना खास स्नायू असतात. बहुतेक जातींत नर ते झरझर आवळून पिशवी ढोलासारखी वाजवतात, विणीच्या दिवसांत विशेष. अशा एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी भरती थांबली होती. वल्हं आडवं ठेवलं, वाकून होडीच्या तळाला कान लावला. खालून आवाज आला: घुर्र, घुर्र, थोडं थांबून पुन्हा घुर्र. मग दुसरीकडून त्याला उत्तर.