वडीलधारी माणसे पडल्यावर काय करावे?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात सत्तरी उलटली तरी पुष्कळजण शेत सोडत नाहीत. संत्र्याच्या बागेत ओल्या बांधावरून पाय घसरतो, बैल ढुशी मारतो, नाहीतर रात्री अंगणातच तोल जातो. तरण्या माणसाचे ज्या पडण्यात नुसते खरचटते, तेच म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. कारण हाडे ठिसूळ झालेली असतात.

खुबा : पडल्यावर उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. पाय चोळू नये, ओढू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते सैलसर बांधावेत व १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. "या वयात ऑपरेशन कशाला?" म्हणून घरी निजवून ठेवणे फार धोक्याचे. त्याने न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून माणसाला लवकर उभे करणे, हाच खरा उपचार.

डोके : रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लहानसा मार लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डोक्यात रक्त हळूहळू साचते. कित्येक दिवसांनी झोपाळूपणा, बरळणे, उलटी, एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर ते "म्हातारपण" समजू नये.

नाडी : रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे आत रक्तस्राव होत असूनही नाडी जलद होत नाही. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

जखम : चुना, रॉकेल, माती लावू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ फडके दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल विचारावे.

खर्चाची चिंता अनेकांना अडवते. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास आयुष्मान कार्ड मिळते. त्यावर योजनेतील रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. कार्ड आजच काढून ठेवावे.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी जखमा बांधून थांबला नाही. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्चही सोसला. आपल्या घरच्या आजी-आजोबांसाठी आपण तेवढे तरी करू या.