भाऊबंदकीनं राखलेला इतिहास

१६३८ साली आदिलशाही फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या मागोमाग मराठी घराणीही तिकडं गेली. त्यांच्या वंशजांना आज मूळ गाव शोधायचं असेल, तर पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी चढावी. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापलेल्या या संस्थेत घराघरांतून आलेले लाखो मोडी कागद आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्ये काढला, तो वाईत सापडलेल्या कागदांवरून. पुढं ते जन्मभर लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, धुंडाळत हिंडले.

या रुमालांत पराक्रमाच्या कथा सापडतील अशी आशा धरून येणाऱ्याची निराशा होते. तिथं असतात ती भांडणं, आणि माझ्या मते खरा ऐवज तोच. पाटीलकीवर दोघांनी हक्क सांगितला की गोतसभा बसे, प्रत्येक जण आपला करीना मांडे, म्हणजे मूळ पुरुषापासूनची सगळी हकिकत. निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकाल, होई. त्याखाली साक्षीदारांच्या निशाण्या: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. चार-पाच पिढ्या एका कागदावर! भाऊबंद गुण्यागोविंदानं नांदले असते, तर ही नावं कुणी लिहिली असती? बायकांची नावं मात्र क्वचितच. दत्तकाचा किंवा विधवेच्या हक्काचा तंटा निघाला, तरच.

वाचणं सोपं नाही. ओळी सलग, शब्द तोडलेले नाहीत, सालही अरबी शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार: सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० लागतं. सुहूर वर्ष मृगाला सुरू होत असल्यानं जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. शिवाय करीना ही एका पक्षाची बाजू असते. प्रतिपक्षाचा कागद दुसऱ्याच रुमालात, दुसऱ्याच घराण्याच्या नावावर पडलेला असतो. दोन्ही एका छपराखाली आले, तरच ताळा जमतो. घरच्या पेटीत ते कधीच होणार नाही.

तेव्हा आपल्याकडं असा रुमाल असेल, तर तो नदीत सोडू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कागदांचा क्रम न मोडता, ते कुठल्या गावच्या कुठल्या वाड्यातले एवढं चिठ्ठीवर लिहून दप्तरखान्यात द्या. भांडणाचे कागद लाजेनं वगळू नका.