तरंगमार्गदर्शकांची क्षेत्रचित्रे

प्रकाशीय तरंगमार्गदर्शकाचे गणित संगणकाने सोडविल्यावर हाती येते ते संख्यांचे कोष्टक. अभ्यासक निष्कर्ष काढतो तो मात्र बहुधा चित्रावरून. म्हणून आलेखनाची जुनी साधने बदलणे ही केवळ सजावटीची बाब नव्हे.

सिलिकाने वेढलेल्या सिलिकॉनच्या पट्टीचे उदाहरण घेऊ. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीस सिलिकॉनचा प्रणमनांक सुमारे ३.४८ व सिलिकाचा १.४४ असतो. सीमेला लंब असलेला विद्युत् क्षेत्राचा घटक सिलिकात शिरताना या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे जवळजवळ सहापट, एकदम वाढतो. दोन पट्ट्यांमधील अरुंद फटीत प्रकाश कोंडणारा, आल्मेइडा, लिप्सन प्रभृतींनी २००४ मध्ये मांडलेला मार्गदर्शक याच उडीवर आधारलेला आहे. परंतु जाळीच्या बिंदूंमध्ये सरसकट अंतर्वेशन करणारे आलेखन ही उडी गुळगुळीत करून टाकते. गणित अचूक असूनही चित्र खोटे ठरते. यास्तव नव्या साधनाने प्रत्येक माध्यमातील क्षेत्र स्वतंत्रपणे रेखाटावे व त्यावर सीमारेषा दाखवावी, हे उचित होय.

रंगांचेही तसेच. जुना इंद्रधनुषी पट पिवळ्या व आकाशी छटांपाशी नसलेल्या कडा भासवितो. सह्याद्रीचा साधा उतारही कड्यासारखा दाखविणारा नकाशाच तो! मॅटलॅबने २०१४ मध्ये व मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये मूळ निवड म्हणून असलेले त्याचे स्थान काढून घेतले. तथापि नवा पटही सर्वत्र चालत नाही. तीव्रतेसाठी क्रमाने उजळत जाणारा पट योग्य. धन-ऋण होणाऱ्या क्षेत्रासाठी मात्र शून्यापाशी पांढरा असलेला दुरंगी पटच हवा, अन्यथा पहिल्या विषम मोडची मधली शून्यरेषा नजरेतून निसटते.