ट्रॉलरचा वेग आणि डिझेलची बचत

गोव्यातील मालीम, शापोरा, कुटबण व वास्को येथील धक्क्यांवरून यांत्रिक ट्रॉलर मासेमारीसाठी समुद्रात जातात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीमुळे वर्षाची मिळकत उरलेल्या दहा महिन्यांतच साधावी लागते. या व्यवसायाच्या चालू खर्चात डिझेलचा वाटा फार मोठा असतो. मासळी किती मिळावी हे मच्छीमाराच्या हाती नसते. परंतु डिझेल किती जाळावे हे बऱ्याच अंशी तांडेलाच्या हाती असते. म्हणून वेग व इंधन यांचा संबंध समजून घेणे अगत्याचे आहे.

वेगाला मर्यादा का पडते?

ट्रॉलर ही पाणी बाजूला सारत चालणारी नौका आहे. हलक्या स्पीड बोटीप्रमाणे ती पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जात नाही. ती पुढे सरकताना नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्याला टेकलेल्या लांबीइतकी झाली, की नौका दोन लाटांच्या मधल्या खळग्यात सापडते. त्यापुढे अधिक वेग घेऊ गेल्यास मागचा भाग खाली बसतो, नाळ वर उचलली जाते आणि नौका आपणच निर्माण केलेल्या लाटेवर चढू पाहते. इंजिनाची शक्ती मग नौका पुढे नेण्याऐवजी लाटा उठविण्यातच खर्ची पडते.

इंग्लंडमधील अभियंते विल्यम फ्रूड यांनी नौकांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून या प्रतिरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यासाठी टॉर्की येथे १८७२ साली खास जलकुंड बांधण्यात आले होते. या मर्यादेचा व्यवहारातील हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे नॉटमधील वेगमर्यादा होय. ३६ फुटांना ती सुमारे ८ नॉट, तर ४९ फुटांना सुमारे ९.४ नॉट येते. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर.

एका नॉटची किंमत

नौका चालविण्यास लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मर्यादेजवळ तर त्याहूनही झपाट्याने. समजा, ४९ फुटी ट्रॉलर ९ नॉट वेगाने जाताना ताशी ३६ लिटर डिझेल जाळतो. वेग ८ नॉट केल्यास याच नियमाने खप ताशी सुमारे २५ लिटरवर येतो. मासेमारीची जागा २४ सागरी मैल दूर असेल, तर पहिल्या वेगाने २ तास ४० मिनिटे व ९६ लिटर लागतील. दुसऱ्या वेगाने ३ तास व सुमारे ७६ लिटर. म्हणजे वीस मिनिटे अधिक घेतल्याने एका वाटेत २० लिटर आणि जाऊन-येऊन ४० लिटर डिझेल वाचते. किनारपट्टीवरील शाळांत वर्ग व घन शिकविताना हेच उदाहरण मुलांना त्यांच्या घरच्या व्यवसायातून समजावून देता येईल.

ही बचत मुख्यतः जाण्या-येण्यातील आहे. जाळे ओढताना वेग मुळातच कमी असतो आणि बहुतेक शक्ती जाळ्यावर खर्च होते. वादळाची सूचना मिळाली असता मात्र बचतीचा विचार बाजूस ठेवून तातडीने बंदर गाठणे हेच कर्तव्य ठरते.

आपल्या नौकेचा योग्य वेग

प्रत्येक नौकेचा काटकसरीचा वेग निराळा असतो. तो ठरविण्यासाठी शांत समुद्रात इंजिनाचे फेरे टप्प्याटप्प्याने वाढवावेत आणि प्रत्येक टप्प्याला जीपीएसवरील वेग व डिझेलचा खप टिपून ठेवावा. प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी तेच अंतर उलट दिशेनेही कापून सरासरी घ्यावी. ज्या टप्प्यापुढे खप पुष्कळ वाढतो पण वेग फारसा वाढत नाही, तेथे थांबावे. सतत निघणारा काळा धूर इंजिनावर जादा भार पडल्याचे लक्षण असू शकते.

नौकेच्या तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले, वाकलेला पंखा आणि अनावश्यक वजन यांमुळेही डिझेल वाया जाते. बंदीच्या काळात तळ खरवडून रंगविणे आणि पंखा तपासून घेणे हितावह ठरते. पंखा बदलावयाचा असल्यास, इंजिन व गिअर यांना जुळत असेल तर मोठा व सावकाश फिरणारा पंखा लहान व वेगाने फिरणाऱ्या पंख्यापेक्षा किफायतशीर पडतो.

नौकाबांधणीतही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आखलेली व गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली 'सागर हरिता' ही १९.७५ मीटर लांबीची इंधन वाचविणारी मासेमारी नौका २०१६ साली कार्यान्वित झाली. अशी नवी नौका घेणे सर्वांना शक्य नाही. परंतु हाताशी असलेल्या ट्रॉलरचा वेग एका नॉटने उतरविण्यास कोणतेही भांडवल लागत नाही. धक्क्यावर वीस मिनिटे उशिरा पोहोचण्याची तयारी तेवढी हवी.